उंबऱ्याबाहेरचा बर्फ

१९ ऑक्टोबर, सकाळ

बर्फ! ऑक्टोबरात! द्राक्षं अजून मांडवावर, सफरचंदं उतरवायची आहेत, गच्चीवर टोमॅटो वाळत पडलेत — आणि हा आला! ना निरोप, ना काही.

चहा ठेवायला उठले तर खोलीतला उजेड वेगळाच. पडदा सरकवला आणि तशीच उभी राहिले. चहा उकळून उकळून कडू झाला. झाडाला हिरवी पानं आहेत, लाल सफरचंदं आहेत आणि एकेका सफरचंदावर पांढरी टोपी. गुलाबाला शेवटची दोन फुलं होती, ती वाकून आत गेलीत, लाल कडा तेवढी दिसते. कोपऱ्यातल्या तंदूरवरसुद्धा गोल घुमट बसलाय. रोज ज्या अंगणाला कंटाळते तेच हे अंगण. मोठ्यानं म्हटलं, "किती सुंदर!" कोणी "हो" म्हटलं नाही. घरात "हो" म्हणणारं माणूस नसलं की सुंदर गोष्टीचं करायचं तरी काय?

गल्लीत सगळे काठ्या घेऊन बाहेर पडलेत. पानं असताना बर्फ पडला की फांद्या मोडतात, म्हणून धपाधप झाडं बडवणं चाललंय. मुसल्लम भिंतीपलीकडून ओरडली, "सनवबर, झाड हलव! नुसती बघत काय बसलीस, सिनेमा लागलाय का?" हलवते म्हटलं. हलवलं नाही. हलवलं की संपलंच ना सगळं. नियोज असता तर काठी घेऊन खाली उभा राहिला असता आणि आधी मला विचारलं असतं, "बघून झालं का?" दरवर्षी विचारायचा. मी दरवर्षी "थांब जरा" म्हणायची.

बाहेर दाराशी कोणीतरी खोकलं. उस्तो हकीम असणार. त्याचं सुऱ्या करायचं दुकान कधीच बंद झालं, खोकला मात्र चालू आहे. गल्ली त्याच्यावर घड्याळ लावते. थोड्या वेळानं पुन्हा खोकला. मग आणखी एकदा. काढा घे म्हणावं म्हाताऱ्याला! पडदा पूर्ण बाजूला ओढला आणि खिडकीशीच बसले.


१९ ऑक्टोबर, संध्याकाळ

दुपारपर्यंत खेळ खलास. वळचणीवरून धार, अंगणात राड. सफरचंदाची मोठी फांदी मोडली. मुसल्लमचं खरं ठरलं, आता महिनाभर ऐकवेल.

इथं कोण वाचतंय, लिहूनच टाकते — दिवसभर मी वाट पाहत होते.

गेल्या हिवाळ्यात घरात दुखवटा होता, नवरा गेलेला. दुखवट्याच्या घरी कोणी पहिला बर्फ नेत नाही, बरोबरच आहे. पण आता वर्ष उलटून गेलं. यंदा चालतं. वाडग्यात बर्फ भरायचा, रुमाल बांधायचा, हळूच अंगणात शिरून पायरीवर ठेवायचा आणि धूम ठोकायची. "बर्फ आमचा, मेजवानी तुमची!" न सापडता पळाला तर घरच्यांनी जेवण घालायचं. सापडला तर त्याच्या तोंडाला काजळी फासायची, आणि जेवण त्याच्या घरी! नियोज साठीचा झाला तरी शेजाऱ्यांच्या अंगणातून बूट हातात घेऊन पळायचा. आमच्याकडे मात्र बर्फ यायचा एकाच घरून. त्याची बहीण. भावाबहिणीची ती लहानपणापासूनची शर्यत. ती एकदाही सापडली नाही. नियोज कुरकुर करत बकऱ्याचं मटण आणायला जायचा, आणि मनातून असा खूश असायचा!

तिचं नाव इथं लिहायचं नव्हतं. रोहत. लिहिलं. वही काही फाटली नाही.

कोणी आलं नाही. टोमॅटो मात्र सगळे भिजले.


२० ऑक्टोबर

रात्रभर पाऊस. काल बर्फ पडला होता असं आज सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

नान आणायला बाहेर पडले. गल्लीचं दार उघडलं तर उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला लागून, एक निळा वाडगा. रुमालात बांधलेला, रुमाल चिंब. आत पाणी. पांढऱ्या कापसाच्या फुलांची नक्षी असलेले हे वाडगे गल्लीत घरोघरी, माझ्याकडेही फळीभर. कोणीतरी कोणाकडे काही न्यायला निघालं असेल, वाटेत ठेवून विसरलं, त्यात पाऊस भरला. पाणी सफरचंदाच्या मुळाशी ओतलं. वाडगा धुऊन फळीवर लावला. कोणी मागायला आलं तर देईन.


२२ ऑक्टोबर

सियोवशचा फोन. तिकडे रशियात, येकातेरिनबुर्गमध्ये, त्याला टॅक्सी चालवायला लागून आता सात-आठ वर्षं झाली, फोनवरही तो गाडी वळवल्यासारखा बोलतो — एकदम विषय बदलतो. मी सांगत होते, इथं बर्फ पडला, सफरचंदांवर टोप्या... "आई, बर्फाचं काय कौतुक! मी रोज सकाळी गाडी फावड्यानं उकरून काढतो. तू इकडे यायचं ठरवलंस का ते सांग."

नाही ठरवलं म्हटलं.

"आई, एकच सांग मला. तिथं तुझं आहे कोण?"

रागानं नव्हता बोलला. काळजीनंच बोलला. मी मनात माणसं मोजली. मुसल्लम? तिला तिचा गोतावळा पुरतो. उस्तो हकीम? तो मला अजून नियोजची आई समजतो. काल-परवाचा बर्फ आठवला. गल्लीत इतक्या घरी वाडगे गेले असतील. एखाद्याच्या मनात यावं ना, की त्या कोपऱ्यावरच्या घरातही एक बाई आहे?

काढ तिकीट, म्हटलं.

तो इतका खूश झाला की मलाच वाईट वाटलं. नात मागून काहीतरी ओरडत होती, रशियनमध्ये. सात नोव्हेंबरचं विमान मिळालं, खुजंदहून. त्याचा मित्र गाडी घेऊन येणार सकाळी नऊला. घराची किल्ली मुसल्लमकडे.

झालं. ठरलं की बरं असतं म्हणतात. मला काही बरं वाटलं नाही.


२४ ऑक्टोबर

मुसल्लमला सहज वाडग्याचं बोलले आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला!

"दारात? पाण्याचा वाडगा? बांधून ठेवलेला?" तिनं पेला खालीच ठेवला. "आणि तू ते पाणी ओतलंस? कुठं ओतलंस?"

झाडाला.

"अगं बाई! करणी केलीय कोणीतरी! एकट्या बाईच्या दारात बांधलेलं पाणी ठेवतात ते काय तहान लागेल म्हणून? वाडगा कुठाय?"

फळीवर. धुतलाय.

"धुतलाय म्हणे!" असं म्हणून जी गेली ती इस्पंदच्या झुडपाची जुडी घेऊनच परतली. निखाऱ्यावर टाकून घरभर धूर केला. उशीखाली, माळ्यावर, अगदी माझ्या केसांत. मी खोकून खोकून हैराण. "खोक, खोक, निघून जाऊ दे सगळं," म्हणाली. करणी निघाली की नाही माहीत नाही, मी निघायच्या बेतात होते.

धूर देता देताच बातमी. रोहत पडली म्हणे. पहिल्या बर्फाच्या दिवशी, सकाळीच, गल्लीच्या वळणावर घसरली. पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. "या वयात एवढ्या सकाळी बर्फात कुठं निघाली होतीस विचारलं, तर म्हणते बर्फ बघायला. तिच्या अंगणात काय कमी पडला होता?"

मी म्हटलं, तिला आधीपासून भटकायची हौस.

"बघायला जा, सनवबर. नणंद आहे तुझी."

विषय बदलला.


२५ ऑक्टोबर

उशीला अजून धुराचा वास.


२७ ऑक्टोबर

झोप येत नाही, मग लिहावं.

नियोज गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचं जेवण होतं. बायकांची पंगत भरलेली. रोहतनं चमचा खाली ठेवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "हिनं वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतं तर माझा भाऊ आज इथं बसला असता."

न्यायला काय तो लहान मूल होता? महिनाभर मी मागे लागले होते. छातीत दुखतंय ना, चल दाखवायला, म्हटलं की "थंडी आहे" म्हणायचा. अडेलतट्टू, अगदी तिच्यासारखा! हे सगळं तिला माहीत होतं. तरी बोलली. कोणावर तरी राग काढायचा होता आणि मी समोर होते.

मग मीही म्हटलं. उभी राहून म्हटलं. "माझ्या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस."

ती उठली, चपला घातल्या, गेली. तिनं खरंच पाऊल ठेवलं नाही. वर्ष झाल्याचं जेवण झालं, त्यालाही नाही. गल्लीत समोरून आली तर ती कडेच्या पाण्याच्या पाटाकडे बघते, मी भिंतीकडे. भिंतीला कुठं कुठं पोपडे आलेत ते मला पाठ झालंय.

मला यंगा म्हणणारी जगात ती एकटीच. भावाची बायको ती यंगा. दुसरी नणंद नाही, दीर नाही. ती गप्प झाली आणि तो शब्दच बंद झाला. कधीकधी त्या हाकेची आठवण येते. तिची नाही, हाकेची.

खोटं कशाला लिहू. तिचीही येते.


३० ऑक्टोबर

सामान. एका सूटकेसमध्ये आयुष्य बसवायचं म्हणजे काय ते कळलं. हिवाळी कोट, नातीसाठी वाळवलेले जर्दाळू, नियोजची टोपी. टोपी आधी ठेवली, मग काढली, मग पुन्हा ठेवली. संदलीची, निखाऱ्यांवरच्या बुटक्या टेबलाची, जाड रजाई कुठं न्यायची? तिथं रेडिएटर आहेत. निखाऱ्याभोवती एका रजाईत पाय घालून बसायचं, एकमेकांच्या पायांना लाथा मारायच्या — हे तिथं कोणाबरोबर करणार? इथं तरी कोणाबरोबर करतेय म्हणा.

मोडलेल्या फांदीवरची सफरचंदं मुसल्लमला दिली. म्हणाली, "सांगितलं होतं, हलव म्हणून."


१ नोव्हेंबर

घाईत लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

सकाळी मुसल्लम आली, वैतागलेली. उद्या तिच्याकडे जेवणावळ. का, तर तिच्या सुनेच्या भावानं पहिल्या बर्फाला वाडगा ठेवला होता. "ठेवला तो ठेवला, आणि तंदूरच्या मागे! आम्हाला सापडला तेव्हा आत नुसतं पाणी. मी म्हटलं, बर्फ कुठाय? पाण्याची मेजवानी कोण देतं? तर म्हणतो, मावशी, पाणी झालं म्हणून काय झालं, पडला तेव्हा बर्फच होता ना! आता घाला जेवायला."

मी चहा ओतत होते. पेला भरून वाहून गेला.

"काय झालं गं?"

काही नाही म्हटलं. ती गेली. मग मी फळीसमोर जाऊन उभी राहिले. माझे वाडगे आणि तो एक. सगळे सारखे, तरी तो मला ओळखू आला. त्याच्या काठाचा टवका गेलाय.

कोणीतरी आलं होतं! मी खिडकीत बसून वाट पाहत होते आणि कोणीतरी येऊन गेलं होतं. मी ते झाडाला ओतलं! वर घरभर धूर केला!

पण बर्फ पायरीवर ठेवतात. अंगणात शिरून ठेवतात, त्यातच तर गंमत. उंबऱ्याबाहेर कोण ठेवतं? माझं दार दिवसा कधी आतून लावलेलं नसतं, ढकललं की उघडतं. सगळ्या गल्लीला माहीत आहे. मग आत का नाही आलं?

ज्याला पाऊल ठेवू नकोस म्हणून सांगितलंय तोच माणूस आत येणार नाही.

आणि गल्लीच्या वळणावर पाय मोडून पडली ती माझ्या दारापासून पन्नास पावलांवर. बर्फ बघायला निघाली होती म्हणे!

रोहत. या वयात. वाडगा ठेवून पळाली.

मी खूप रडले. मग हसले. मग गाजरं आहेत का ते बघितलं.


२ नोव्हेंबर

सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

पहाटे उठून पुलाव केला. नियोजच्या कढईत, बऱ्याच दिवसांनी. मटण, गाजर, वर अख्खा लसणाचा गड्डा. मेजवानी हरणाऱ्याच्या घरी व्हायची असते, पण जिंकणाऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये असेल तर मेजवानीनंच चालत जावं. ताटावर ताट पालथं घातलं, दस्तरखानात बांधलं, निळा वाडगा काखेत. तिच्या दाराशी पोहोचेपर्यंत तीनदा मागे वळावंसं वाटलं.

तिच्या सुनेनं दार उघडलं. मला बघून तिचं तोंड उघडंच राहिलं. पोर शहाणी, बाजूला झाली आणि बाहेर निघून गेली.

रोहत संदलीशी पडून होती. एक पाय रजाईत, दुसरा पांढरा खांब उशीवर ठेवलेला. तोंड भिंतीकडे.

"कोण?"

"मी."

"मी नावाचं माझ्या ओळखीचं कोणी नाही."

"पुलाव आणलाय."

"कशाबद्दल? मी मेले नाही अजून."

"हरले म्हणून आणलाय. बर्फाची मेजवानी."

प्लास्टरबाहेरची बोटं तेवढी हलली.

"कसला बर्फ? मी नाही ठेवला कोणाकडे. माझा पाय घरातच घसरला."

"मुसल्लम म्हणाली, गल्लीत."

"मुसल्लमच्या तोंडाला कडी घालणारा अजून जन्मायचाय."

मी वाडगा तिच्यासमोर ठेवला. बघितलंच नाही. "असले वाडगे बाजारात ढिगानं मिळतात."

"टवका गेलेले?"

मग वळली. केवढी म्हातारी दिसायला लागलीय! मीही दिसत असेन. ताट मध्ये ठेवलं. खाल्लं तिनं. चार घास खाऊन म्हणाली, "गाजर जाड चिरलंयस. माझ्या भावाला बारीक लागायचं."

"त्याला जाडच आवडायचं. तू बारीक चिरतेस म्हणून तुझ्याकडे गपचूप खायचा."

"खोटं!"

"विचार त्याला."

बोलून गेले खरी. तिनं डोळ्यांवर ओढणीचा पदर घेतला. मी ताटातला लसूण सोलत राहिले. मग पदराआडूनच एकदम ओरडली:

"तीनदा खोकले! तीनदा! बहिरी झालीस काय, यंगा?"

एक तर यंगा म्हणाली. आणि वर — खोकला! तो खोकला तिचा होता! तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले, आमच्या इस्तरवशनमधली निम्मी माणसं मी नुसत्या "हॅलो"वर ओळखते, आणि माझ्या दारात माझी नणंद खोकली तर मी तिला उस्तो हकीम केलं!

"बर्फ ठेवायला आलं की कोणी खोकतं का?" मी म्हटलं. "सापडली असतीस ना!"

"मग? सापडायचंच होतं मला!" आता पदर खाली आला. डोळे लाल. "पकडलं असतंस, काजळी फासली असतीस, तर जेवण माझ्या घरी असतं. तुला यावंच लागलं असतं. तुझ्या घरात मला पाऊल ठेवायचं नाही, पण माझ्या घरात तू ठेवू शकतेस ना? किती रात्री विचार करून काढलं होतं हे! आणि बाईसाहेब खिडकीत बसून बर्फ बघतायत!"

"मग थांबायचंस. पळालीस कशाला?"

"दाराच्या फटीतून बघितलं, तर पडदा हलला. आणि पाय आपोआप पळाले. जन्मभराची सवय. मनात म्हणत होते, थांब गं रोहत, थांब — आणि पाय ऐकेनात!" हसायला लागली. हसता हसता प्लास्टर हललं आणि कळवळली. मीही हसत होते. कोणी बाहेरून बघितलं असतं तर कोणाला काय झालंय ते कळलं नसतं.

मग बराच वेळ संदलीत पाय घालून बसलो. तिनं रजाईखाली चांगल्या पायानं मला लाथ मारली. म्हणाली, "चाळिसाव्याला मी जे बोलले..." मी म्हटलं, चहा थंड होतोय. तिनं चहा घेतला. तेवढंच झालं त्यावर. पुरलं.

निघताना मात्र तिचा आवाज बदलला.

"ऐकलं, चाललीस."

"सात तारखेला."

"जा. मुलाजवळ असावं माणसानं. मी कोण अडवणारी?" भिंतीकडे वळली पुन्हा. "वाडगा घेऊन जा. तिथं बर्फ पुष्कळ असतो म्हणतात. एवढा, की पहिला कुठला नि दुसरा कुठला, बघायलाही कोणाला सवड नसते."

थांब म्हणाली नाही. म्हणणारही नाही. अडेलतट्टू!


३ नोव्हेंबर

सियोवशनं विचारलं, "आई, आवाज वेगळा येतोय तुझा. रडलीस का?" लसूण सोलत होते म्हटलं. लसणानं कोणी रडत नाही हे त्याला माहीत नाही. मुलगे!

जाते म्हटलंय. पोरानं नातीच्या खोलीत माझी खाट लावलीय, फोटो पाठवला. नातीनं खाटेवर तिचं अस्वल बसवलंय. आता नाही कसं म्हणू? आणि हो तरी कसं म्हणू? मनाचा एक पाय इथं, एक तिथं.


५ नोव्हेंबर

रोहतकडे गेले नाही. गेले तर ती "जा" म्हणेल. नाही गेले तर मी चाललेच असं ती आपसूक समजेल. दोन्हीकडून तेच.

सूटकेस बंद होत नव्हती. टोपी काढली, तेव्हा झाली.


६ नोव्हेंबर

आभाळ खाली आलंय. डोंगर दिसत नाहीत. मुसल्लमला किल्ली दिली. तिनं झाडाकडे बघून म्हटलं, "आता तरी कोण हलवणार ते?"


७ नोव्हेंबर

पहाटेपासून बर्फ! पानं गळून गेलीत, त्यामुळे यावेळी फांद्यांवर नुसती बारीक पांढरी रेघ. मनसोक्त बघितलं. बघून झालं का, असं स्वतःलाच विचारलं, आणि झाडाला काठी लावून बर्फ हलवला. हा दुसरा असं म्हणतील. म्हणोत. तो टिकलाच नव्हता, त्याला कशाला धरायचं? हाच पहिला.

गाडी यायच्या आधी निळा वाडगा काठोकाठ भरला, रुमाल बांधला, रोहतच्या अंगणात शिरून थेट पायरीवर ठेवला. पळाले नाही. तिच्या खिडकीखाली उभी राहिले आणि खोकले. पुन्हा खोकले, मोठ्यानं, उस्तो हकीमसारखी. तिसऱ्या खोकल्याआधीच खिडकी उघडली, आतून कुबडी बाहेर आली आणि माझ्या ओढणीत अडकली. "सापडली! यंगा सापडली!" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

आता घरी आलेय. अंगणात सूटकेस, दाराशी गाडीचा हॉर्न, तोंडभर काजळी. ती धुवायच्या आधी सियोवशला फोन करायचाय — रजाईत पाय घालायला ये म्हणावं, नातीला घेऊन, थंडीच्या सुट्टीत. मला मेजवानी द्यायचीय, मी निघू शकत नाही.